न सुटलेल्या सांध्यांचं तोरण

भिवंडीजवळच्या दापोड्याच्या त्या घरात मी राहायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, पाहुणे किती येतात हेही विचारलं नाही. सामानाच्या टेम्पोतून त्यांनी पहिल्यांदा माझा टेबल-लॅम्प उचलला. त्याच्या वायरीवर एका जागी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती त्यांनी नखाने उकलली, आत नुसत्याच एकमेकींवर पिळलेल्या तारा पाहिल्या आणि मग माझ्याकडे बघितलं. मी घरातल्या कुणाला उपाशी ठेवलं असतं, तर लोकांनी माझ्याकडे तसंच बघितलं असतं.

"ह्यो कुनी केला?"

"आमच्या शाळेच्या शिपायांनी."

"त्यांना सांगा बाई, दोन वायरी नुसत्या हात धरून उभ्या केल्यात. लगीन लावलं न्हाय."

माझं सामान रस्त्यावरच राहिलं. ते लॅम्प घेऊन खालच्या दुकानात गेले, डाख देऊन तो सांधा पक्का केला आणि मगच मला जिना दाखवला. डाख म्हणजे सोल्डर. कथिलाची तार तापल्या कांबीने वितळवायची, तांब्याच्या तारांमध्ये मुरू द्यायची, आणि थंड झाली की दोन वायरींची एक वायर होते. त्यासाठी थोडी राळ लागते. तापलेल्या राळेचा एक गोडसर, देवळातल्यासारखा वास येतो. पुढे कित्येक वर्षं त्या वासानेच मला जाग येत असे. वास आला की समजायचं, खाली दुकान उघडलं.

सगळा गाव त्यांना दादूस म्हणायचा. मोठ्या भावाला आमच्याकडे असं म्हणतात. पण त्यांच्याहून वडील असलेली माणसंही त्यांना दादूसच म्हणत आणि परराज्यातून आलेले ट्रकवालेही. तळमजल्यावर त्यांचं ट्रक-टेम्पोच्या वायरिंगचं दुकान होतं. दिवे, हॉर्न, स्टार्टर, वायपर, गाडीत वीज जिथे जिथे जाते ते सगळं. अंगात पांढरा सदरा. त्याच्या पोटावर कथिलाचे थेंब पडून बारीक भोकं झालेली. पांढराच का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "डाक्टर काय काला घालतो?"

आपण डॉक्टर आहोत याबद्दल त्यांना शंका नव्हती. गाडीवाल्याने काही सांगायला तोंड उघडलं की ते हात वर करायचे.

"दादूस, वो लेफ्ट साइड का इंडिकेटर..."

"तू चुप बैठ. बीमार तू है या गाडी? गाडी बोलेगी."

मग बॉनेट उघडून आत डोकं घालायचे आणि गाडीशी बोलायचे, तेही मराठीत. "काय गो, कुठं दुखतं? कुनी केलं ह्ये?" आत कुठे चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा दिसला, की ती सोडायचं काम त्या ड्रायव्हरलाच करावं लागे, सगळ्यांच्या देखत. "पट्टी सोड. जखम बघू दे." मी वरच्या गॅलरीत वह्या तपासत बसलेली असायची. कितीतरी धिप्पाड माणसं मी खाली मान घालून पट्टी सोडताना पाहिली आहेत.

खऱ्या डॉक्टरांशी मात्र त्यांचं जमलं नाही. गुडघे दुखायला लागले तेव्हा भिवंडीच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, सांधे झिजलेत. दादूस घरी येऊन संतापाने सांगत होते, "मी बोल्लो त्याला, आमच्याकडं सांधा झिजत न्हाय. तुमच्याकडं माल हलका."

सांध्यांबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते विचारल्याशिवायही ऐकायला मिळे. पिळा मारून पट्टी लावणं म्हणजे जत्रेतली ओळख. पाळण्यातून उतरलं की तू कोण आणि मी कोण. डाख म्हणजे लग्न, रीतसर, अग्नीसमोर. तिसरा एक प्रकार अलीकडे आला होता. दोन्ही वायरींची टोकं तांब्याच्या छोट्या नळीत घालायची आणि खास पकडीने ती नळी गच्च दाबायची. त्याला क्रिम्प म्हणतात. दादूस त्याला चिमटा म्हणत.

"चिमटा काढून कुनी सांधा जोडतं? ह्ये कोर्टातलं लगीन. शिक्का दाबला, झालं. मांडव न्हाय, हलद न्हाय."

आणि मग त्यांचं बोट दाराकडे जायचं. दुकानाच्या दारावर तोरण होतं. दसऱ्याला त्यात झेंडूची फुलं माळली जात. एरवी त्यात होते सांधे. बोटभर लांबीचे वायरीचे तुकडे, प्रत्येकाच्या मधोमध चकचकीत डाख. झालं होतं असं, की एखादी गाडी महिना-दोन महिन्यांनी परत यायची. दिवा पुन्हा बंद. ड्रायव्हर म्हणायचा, दादूस, तुमचा जॉइंट गेला. दादूस तो सांधा कापून बाहेर काढायचे, दोन्ही हातांनी ओढून दाखवायचे. सांधा शाबूत. "बघ. सुटला? वायर तुटलीय बाजूला. वायर काय मी बनवली? कंपनीला विचार." आणि तो सांधा तोरणात जायचा. अशा रीतीने प्रत्येक तक्रारीचं उत्तर त्या दारावर टांगलेलं होतं. इतक्या वर्षांत आपला एकही सांधा सुटला नाही, हे ते कुणालाही सांगत, पाणी भरायला आलेल्या बायकांनाही.

त्यांना एकच मुलगी, वैजू. तिची आई लवकर गेली. वैजू आयटीआयमध्ये गाड्यांचं वायरिंग शिकली, बसगाड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात काही वर्षं काम करून आली आणि एके दिवशी बॅग ठेवून म्हणाली, आता मी आपलंच दुकान चालवणार. बॅगेत कपडे कमी आणि हत्यारं जास्त होती. त्यातच ती पकड होती.

दादूसांना पकड आवडली नाही, आणि वैजूने दुकान चालवणं तर त्याहून नाही. गुडघ्यांमुळे दुकान बंद करायचं त्यांच्या मनात आलेलं होतं. शेजारच्या पूर्णा गावाचा एक गोदामवाला तो गाळा ऑफिससाठी भाड्याने घ्यायला तयार होता. वैजूचं लग्न करायचं आणि आपण खुर्ची टाकून बसायचं, असा त्यांचा बेत. जिन्यात उभी राहून मी त्यांची भांडणं ऐकलेली आहेत. ऐकू नयेत असं वाटायचं, पण दुसरा जिना नव्हता.

"पोरीच्या जातीनं ट्रकखाली निजायचं? लोक काय बोलतील?"

"मी ट्रकखाली झोपते, बाबा. ट्रकबरोबर पळून जात नाही."

"आनि त्यो चिमटा घेऊन माज्या दुकानात बसशील? माजं नाव बुडवायला?"

"तुमचा डाख सुटत नाही, मान्य. पण डाखाच्या शेजारी वायर मोडते. कथिल आत वायरीत चढतं, तेवढी वायर काडीसारखी कडक होते. गाडी हलते. कडक जिथं संपतं आणि मऊ सुरू होतं, तिथं ती मोडते. घरात चालेल डाख. गाडीत दाबूनच जोडायचं."

"कंपनीची वायर हलकी!"

"सगळ्या कंपन्यांची?"

अशा वेळी दादूसांना गुडघा आठवायचा.

शेवटी त्यांनीच पैज लावली. वैजूच्या मामाचा टेम्पो होता. तो रोज अंबाडीहून भाजी घेऊन भिवंडीला यायचा. तो रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला मी काही सांगायला नको. त्या टेम्पोच्या पुढच्या दोन दिव्यांपैकी डाव्याचे सांधे दादूसांनी डाख देऊन करायचे, उजव्याचे वैजूने दाबून. ज्याचा दिवा आधी विझेल तो हरला. वैजू हरली तर गाळा गोदामवाल्याला, आणि तिने परत कारखान्यात जायचं. दादूस हरले तर दुकान वैजूचं.

"आनि पंच बाई," दादूस म्हणाले.

"मी? मला यातलं काही कळत नाही."

"म्हनून तर. कलनारा मानूस कुनाच्या तरी बाजूचा असतो. तुमी शिकलेल्या, आनि तुमाला काय बी कलत न्हाय. तुमच्यावानी पंच भेटायचा न्हाय."

माझ्या आयुष्यात माझ्या शिक्षणाचा इतका नेमका गौरव दुसऱ्या कुणी केलेला नाही.

त्यानंतर काही दिवस आमच्या रस्त्याला दुसरं काम राहिलं नाही. भाजी उतरवून टेम्पो संध्याकाळी दिवे दाखवायला आमच्या रस्त्यावर येई, तेव्हा समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहत. लांबून दिवे दिसले की कुणीतरी ओरडे, "दोनों आँखें हैं, दादूस!" आणि सगळे पुन्हा बसत. हरणाऱ्याने चहा पाजायचा, असल्या उपपैजा लागल्या. मीही वह्या घेऊन मुद्दाम त्या वेळी गॅलरीत बसू लागले.  दिवे दिसेपर्यंत वैजू हातातलं फडकं पिळत राही, आणि दिसले की आत जाई.

दादूसांचा मेहुण्यावर विश्वास नव्हता. मामा भाचीच्या बाजूने असणार, हे उघड होतं.

"तू मुद्दाम डावं चाक खड्ड्यात घालतोस. माज्या बाजूचं."

"दाजी," मामा शांतपणे म्हणाला, "त्या रस्त्याला एका चाकाचा खड्डा दाखवा. मी टेम्पो तुमच्या नावावर करतो."

मग एका संध्याकाळी टेम्पो आला तो एकडोळ्या. विझलेला दिवा उजवा होता.

टपरीवर जो आरडाओरडा झाला, तो मी गॅलरीतून ऐकला. दादूस गुडघे विसरून रस्त्यावर नाचले. आल्यागेल्या ट्रकवाल्यांना थांबवून सांगू लागले. वैजूचा चेहरा उतरला होता, पण ती गेली टेम्पोकडे आणि दिवा उघडून बघू लागली. थोड्या वेळाने बल्ब हातात धरून आली.

"बल्ब गेलाय. सांधा नाही गेला. बघा, आतली तार तुटलीय."

"अट दिव्याची होती," दादूस म्हणाले. "दिवा विझला का न्हाय?"

"सांध्याची होती!"

"बोलताना दिवा बोल्लो होतो. पंचांना विचार."

दोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, पाठोपाठ टपरीनेही. मुलं परीक्षेत शब्दाला शब्द चिकटवून बसली की मी काय करते, ते आठवायचा मी प्रयत्न केला. शब्दांप्रमाणे दादूस जिंकले होते. शब्दांमागे काय होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी गॅलरीतून खाली वाकून म्हणाले, "निकाल उद्या सकाळी." टपरीवाले फार नाराज झाले.

सकाळी राळेचा वास आला नाही. मी खाली गेले. टेम्पो दुकानासमोर उभा होता, त्याचा डावा दिवा उघडलेला, आणि दादूस पायरीवर बसलेले. जिंकलेला सांधा तोरणात लावायला हवा, म्हणून ते सकाळी सकाळी तो कापून काढायला गेले होते. पंचांच्या निकालाची वाट बघण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. तो तुकडा आता त्यांच्या तळहातावर होता. डाख आरशासारखा चकाकत होता. आणि डाख जिथे संपतो तिथे, वरच्या प्लॅस्टिकच्या आत, तांबं सगळं तुटलेलं. तुटलेली टोकं आत एकमेकांना नुसती टेकलेली. डावा दिवा किती दिवस त्या टेकण्यावर जळत होता, देव जाणे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. टपरीही उघडायची होती.

"काय बघितलं, बाई?"

"मला यातलं काय कळतंय?" मी म्हणाले.

ते हसले नाहीत. उठले आणि दारावरचं तोरण काढून मांडीवर घेऊन बसले. एकेक सांधा चष्म्याजवळ नेऊन पाहू लागले. त्यांच्या चष्म्याच्या काडीलाही डाख दिलेला होता. पाहून झाला की तो सांधा बाजूला सारायचे आणि पुढचा घ्यायचे, जपमाळ ओढावी तसे. सगळे सांधे शाबूत. सगळ्यांच्या शेजारी वायर तुटलेली, सगळीकडे एकाच जागी, डाखाच्या काठाला. कित्येक वर्षं तो पुरावा आपल्याच हातांनी आपल्याच दारावर त्यांनी टांगून ठेवला होता, आणि त्याच्याखालून रोज ये-जा केली होती.

ते आता गप्प राहतील, असं मला वाटलं. सहज राहता आलं असतं. चिकटपट्टीचा एक वेढा पुरला असता. पण दादूसांचा आवाज एकदम एवढा मोठा निघाला, की पलीकडच्या आळीतले कावळे उडाले.

"वैजू! ए वैजू! भाएर ये! हरलो मी!"

वैजू केस विंचरता विंचरता, फणी डोक्यात तशीच ठेवून धावत आली. त्यांनी तुकडा तिच्या हातात दिला. तिने तो उजेडाकडे धरून पाहिला. तोवर टपरीवाला आला, दूधवाला थांबला, निकालासाठी थांबलेला मामा टेम्पोत झोपला होता तो उठून बसला. दादूस सगळ्यांना ओरडून सांगत होते, आणि आदल्या संध्याकाळी जिंकल्याचं सांगताना जी ऐट होती, तीच आत्ता होती.

"हरलो! पन कुनाकडनं हरलो? माज्या पोरीकडनं! मना हरवायला माजीच पोर लागली. दुसऱ्या कुनाची टाप होती काय?"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पंच, निकाल द्या."

"तुम्हीच दिलात की."

"तुमी द्या. माजा निकाल कोन धरतो? मी पार्टी हाय."

मी निकाल दिला. टपरीवाल्याने सगळ्यांना चहा दिला, कोणी कोणाला पाजायचा याचा हिशेब लागेना म्हणून फुकट.

तोरण त्यांनी पुन्हा दारावर लावलं. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाले, "सांधा सुटला न्हाय ह्ये तर खरंच हाय ना?" पाटी रंगवायला पेंटर आला, त्याला त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'आणि कन्या' लिहायला लावलं. पेंटरने दोनदा विचारलं, "आणि सन्स ना?" दुसऱ्यांदा विचारल्यावर त्याला पट्टी सोडणाऱ्या ड्रायव्हरासारखं उभं राहावं लागलं.

गाड्यांना डाख द्यायचा नाही, असं ठरल्यावर दादूसांकडे हात मोकळे आणि कथिल भरपूर. ते घरात शिरले. "घर हलत न्हाय. घरात डाख चालतो. वैजूच बोल्ली." माझी दारावरची घंटा, रेडिओ, इस्त्री, ज्याला म्हणून वायर होती ते सगळं त्यांनी एकेक करून खाली नेलं आणि सांधून आणलं. जे तुटलेलं नव्हतं, तेही कापून सांधलं. शेजाऱ्यांनी पंखे लपवायला सुरुवात केली. गावच्या देवळातल्या माळेचा दिवान् दिवा त्यांनी डाखला. त्या वर्षी उत्सवात एकही दिवा गेला नाही, हे ते वैजूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगत.

पुढे वैजूने लग्न केलं, तिला तांब्याच्या नळ्या आणि वायरी आणून देणाऱ्या मुलाशी. दोघांना मांडव-बिंडव नको होता. ठाण्याला जाऊन नोंदणी करून आले. सह्या करायला दादूस होते, आणि मीही होते. शिक्का पडला, तेव्हा ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "क्रिम्प केला." आणि बाहेर आल्यावर, "टिकल. गाडीचा जन्म हाय दोघांचा. हलनारच."

यंदा थंडीत दादूस गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले होते, ते तसेच. अंगात पांढरा सदरा होता.

हे लिहायला मी उशीर केला. मला हळूहळूच लिहिता येतं. त्यातून आमच्या रस्त्यावरून आता पूर्ण्याच्या गोदामांकडे जाणारे लांबलचक कंटेनर जातात. एक गेला की खिडकीची तावदानं वाजतात, कपातला चहा थरथरतो. गेल्या आठवड्यात मी हे लिहायला म्हणून टेबलाशी बसले आणि लॅम्प मिचकायला लागला. कंटेनर गेला की विझायचा, वायर हलवली की लागायचा. मी वैजूला हाक मारली.

ती हत्यारांची पिशवी घेऊन वर आली. वायर बोटांत फिरवत फिरवत एका जागी थांबली आणि कात्रीने तेवढा तुकडा कापून काढला. डाख तसाच चकाकत होता, मी राहायला आले त्या दिवशी दिलेला. त्याच्या काठाला वायर मोडलेली.

"घर हलत नाही, असं म्हणायचे ते," मी म्हणाले.

"तेव्हा नव्हतं हलत, बाई."

तिने दोन्ही टोकं नळीत घातली, पकड दाबली, वर आवरण तापवून घट्ट बसवलं. लॅम्प लागला. खालून एक कंटेनर गेला, तावदानं वाजली, पण उजेड हलला नाही. तिने कापलेला तुकडा उचलून दोन्ही हातांनी ओढून पाहिला, अगदी त्यांच्यासारखा, कोपर बाहेर काढून.

"बाबांचा सांधा काही सुटला नाही, हां."

"नाही सुटला," मी म्हणाले.

ती तुकडा घेऊन खाली गेली. मी गॅलरीत येऊन पाहिलं, तर स्टुलावर उभी राहून ती तोरणात जागा शोधत होती.